खडू खाणारा उंदीर

तान्हं बाळ हातात दिलं की मावशी काट्याकडे न बघता वजन सांगत. दोन किलो सातशे म्हणाल्या, तर पत्र्याच्या ताटलीचा तो जुना काटा दोन किलो सातशेच दाखवायचा. फरक पडलाच तर मावशी काट्याला दोष देत. एकतीस वर्षं त्या एकाच सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. या काळात चार डॉक्टर आले आणि बदलून गेले, त्यातला एक तर टेबलावर छत गळतं म्हणून रुसून गेला. मावशी आणि काटा मात्र जागचे हलले नाहीत. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणे. त्यांची सख्खी थोरली बहीणसुद्धा.

दवाखान्यात दोन रंगांची कार्डं होती. गावाबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मैदानावर, लढाईतून पळून आलेल्या लोकांची छावणी होती. तिथल्या बायकांना निळं कार्ड आणि मंगळवार. गावातल्या बायकांना पिवळं कार्ड आणि गुरुवार. दोन्हीकडच्या बायका एका बाकावर बसल्या तर भांडतील, असं कुठल्याशा साहेबाला वाटलं होतं. बाक मात्र त्याने एकच दिला होता, त्यामुळे दोन वार करावे लागले.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरी दोन्ही वारी यायच्या, आणि त्यांना बघून मावशींचं डोकं फिरायचं. छावणीतल्या आईबापांना वाटे, पोरीचं लग्न लावून दिलं की ती सुरक्षित राहील. गावातल्या आईबापांना काहीच वाटत नसे, पोट दिसायला लागेपर्यंत. मावशी पोरींना कधी रागावल्या नाहीत. आपला सगळा राग त्या बरोबर आलेल्या मोठ्या माणसांसाठी राखून ठेवत, आणि तो सगळ्यांना पुरून उरे.

आता यातली गंमत ऐका. डॉक्टरांना वर्षाचा अहवाल पाठवायचा होता. छावणीतल्या पोरींची बाळं गावातल्या पोरींच्या बाळांपेक्षा अशक्त निघणार, हे त्यांनी आकडे बघण्याआधीच लिहून टाकलं होतं. तंबूत राहणाऱ्या, सगळं मागे टाकून आलेल्या पोरी, दुसरं काय होणार? मग त्यांनी रजिस्टरं उघडली. छावणीतल्या पोरींची बाळं अडीच किलोच्या पुढे, भरल्या दिवसांची. गावातल्या त्याच वयाच्या पोरींची बाळं मात्र दोन किलोच्या आसपास, बरीचशी वेळेआधी आलेली. रजिस्टरांच्या पाट्या चुकून बदलल्या असाव्यात म्हणून डॉक्टरांनी त्या दोनदा तपासल्या.

"पाट्या बरोबर आहेत," मावशी म्हणाल्या. "तुमचा अहवाल बदला."

त्यांना कारण ठाऊक होतं. त्या कारणाचं नाव मास्तरीणबाई. आपल्या देशात त्या अकरा वर्षं गणित शिकवत होत्या, इथे छावणीतल्या गरोदर पोरींची जबाबदारी त्यांच्याकडे होती. उंच, हाडकुळ्या, आणि हसणं महाग झाल्यासारखा चेहरा. दर मंगळवारी त्या बसमधून पोरी आणत, उतरताना सगळ्यांची कार्डं गोळा करत, परत निघताना एकेक कार्ड वाटून पोरी मोजून चढवत. छावणीत त्या रोज दुपारी पोरींना रांगेत उभं करत. रक्तवाढीची गोळी, पाण्याचा घोट, मग "आ कर, जीभ वर कर." गोळी गालात लपवणारीला दुसरं उकडलेलं अंडं मिळत नसे. त्यांच्या हातून आजवर एकही पोर निसटली नव्हती.

गावात मास्तरीणबाई नव्हत्या. गावात शेजारी होते. पोर आतल्या खोलीत कोंडली जायची, आणि कळा सुरू झाल्या की आई तिला काखोटीला मारून आणायची आणि दारातच सांगायची, "मावशी, हिच्या पोटात कालपासून गॅस धरलाय." मावशींनी असे गॅस हाताने बाहेर काढले होते, रडणारे. दोन वर्षांपूर्वीचा एक रडलाच नाही. त्याची आई सोळा वर्षांची होती, रक्त पाण्यासारखं पातळ, आणि संध्याकाळपर्यंत तीही गेली. तिच्या केसांना हिरवी रबरबँड होती. मावशींना तिचा चेहरा हळूहळू आठवेनासा झाला, ती रबरबँड काही केल्या विसरता येत नव्हती.

तर एका सकाळी मावशी आपला पांढरा कोट सैल करून घ्यायला शिंपीणबाईंकडे गेल्या. शिंपीणबाई म्हणजे गावातल्या यच्चयावत बायकांच्या कंबरा पाठ असलेली बाई. नवरा परगावी बोटीवर, घरी एकच मुलगी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. कोणाला दिवस गेलेत हे त्या सासूच्याही आधी ओळखत आणि चकार शब्द बोलत नसत. म्हणून तर बायका त्यांच्याकडे येत.

"यंदा उंदरांनी वात आणलाय," माप घेताघेता शिंपीणबाई तक्रार करू लागल्या. "कापड कुरतडत नाहीत, दोरे सोडून देतात, नुसते माझे खडू खातात. महिन्यात दोन डबे संपले. असा उंदीर ऐकलाय कधी?"

मावशींनी ऐकला होता. रक्त कमी झालेल्या गरोदर पोरींना माती, चुना, खडू खावासा वाटतो, हे त्यांनी एकतीस वर्षं बघितलं होतं. पडदा जरासा हलला. त्याखाली दोन पावलं दिसली, आणि एका पावलाच्या अंगठ्यावर निळसर खडूची भुकटी.

"शिंपीणबाई," मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या उंदराला कितवा महिना?"

शिंपीणबाईंच्या हातातली टेप खाली पडली. गावभरच्या कंबरा ओळखणाऱ्या त्या बाईने घरातली कंबर कळल्यापासून तिच्यावर चार सैल झगे चढवले होते. स्वतःचीच नजर चुकवायला चार झगे लागले. मग त्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. मुलगी सतरा वर्षांची, पाचवा संपत आलेला. बाळाचा बाप, तोही पोरगाच, कुठल्याशा शहरात निघून गेलेला. मावशींनी पडदा सारला. पोर पांढरीफटक होती. खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाली म्हणून नव्हती. केसांना रबरबँडही होती. लाल होती, पण होती.

"गुरुवारी घेऊन या," त्या म्हणाल्या.

"गुरुवारी?" शिंपीणबाईंनी डोळे पुसले. "गुरुवारच्या बाकावर माझं सगळं गिऱ्हाईक बसलेलं असतं. ती बेकरीवाली तर दर गुरुवारी पाय दुखतात म्हणून येते आणि चार गल्ल्यांच्या बातम्या घेऊन जाते. माझी पोर तिथे बसवू? त्यापेक्षा घरातच होऊ दे बाळंतपण. आमच्या आज्यांची नाही का झाली?"

"तुमच्या आज्यांपैकी ज्यांची नीट झाली, त्यांच्याच गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत," मावशी म्हणाल्या. पण घोडं अडलं होतं. शिंपीणबाई एकदा नाही म्हणाल्या की त्यांची शिवण उसवत नसे.

मग मावशींच्या डोळ्यांत ती चमक आली जी बघून डॉक्टर लोक सुट्टीवर जात. त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढलं. निळं.

"मंगळवारी तुमचं एकही गिऱ्हाईक दवाखान्यात नसतं," त्या म्हणाल्या. "छावणीतली शाल मी आणून देते. डोक्यावरून घेतली की झालं."

शिंपीणबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग हो म्हणाल्या. छावणीत सगळ्यांना वाटली होती तशीच एक करडी शाल मावशींनी पैदा केली. पण तिचे सुटे दोरे शिंपीणबाईंना बघवेनात. पोरीला पाठवण्याआधी त्यांनी चारी काठ दुमडून बारीक तुरपाई घातली.

मंगळवारी पोर आली, बाकाच्या टोकाला बसली. मावशींनी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं. सात. त्या तो आकडा मोठ्याने बोलल्या नाहीत. गोळ्या दिल्या, पोटावर टेप लावली, बाळाचे ठोके ऐकवले. पोर ते ऐकताना पहिल्यांदाच मावशींकडे सरळ बघत होती. तेवढ्यात आत एका पोरीला उलटी झाली आणि मावशी तिकडे धावल्या. परत आल्या तेव्हा बाक रिकामा होता.

झालं असं की मास्तरीणबाईंनी परत निघण्याआधी नेहमीसारखी टेबलावरची निळी कार्डं उचलली. वीस निघाली. वीस कार्डं म्हणजे वीस पोरी. त्यांनी बाकावर बसलेलीला बोटाने खूण केली, "चल, उठ, गाडी थांबत नाही," आणि शिंपीणबाईंची पोर, जिला मोठ्यांसमोर तोंड उघडायची सवयच उरली नव्हती, निमूटपणे उठून बसमध्ये चढली.

दुपारी शिंपीणबाई दवाखान्याच्या मागच्या दाराने आल्या. गळ्यात टेप तशीच लोंबत होती, आणि पदराला एक टाचणी अडकवलेली.

"माझी ती कुठंय?" त्या कुजबुजल्या.

"कोण ती?" मावशी मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. खरं तर त्याही घाबरल्या होत्या. पण घाबरल्या की त्यांना खोड्या सुचत.

"हळू बोला हो. उंदीर."

"उंदीर छावणीत गेलाय. बसने."

मुलगी हरवली हे शिंपीणबाईंना कोणाला विचारता येईना, कारण मुलगी आजारी आहे, घराबाहेर पडत नाही, असं त्यांनी इतके दिवस सगळ्यांना सांगितलेलं. दोघी मागच्या पायरीवर बसून राहिल्या. चारच्या सुमाराला छावणीची गाडी औषधांची खोकी न्यायला आली, आणि तिच्यातून पोर उतरली. हातात एक उकडलेलं अंडं होतं आणि ती हसत होती. छावणीतल्या एका पोरीने मास्तरीणबाईंची नक्कल केली होती, जीभ वर कर, आणि मास्तरीणबाई मागेच उभ्या होत्या. तिला ते सांगताना हसू आवरत नव्हतं. शिंपीणबाईंनी ते हसू पाचेक महिन्यांत बघितलं नव्हतं. रागावायचं त्यांच्या मनात होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"अंडं गार होतंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी पोर स्वतःहून बसमध्ये चढली. त्याच्या पुढच्याही. मग मंगळवार पुरेना, तिला रोज दुपारच्या रांगेत उभं राहायचं होतं, म्हणून तिची ने-आण करायला मावशींनी औषधांच्या गाडीवाल्याला दमात घेतलं. आठ पूर्णांक दोन. नऊ. साडेनऊ. मावशी प्रत्येक आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवत. शिंपीणबाईंचे खडू डब्यात राहायला लागले.

एकदा मावशींनी अपराधी चेहरा करून मास्तरीणबाईंना खरं सांगायचं ठरवलं. "त्या विसाव्या पोरीबद्दल बोलायचं होतं," त्यांनी सुरुवात केली.

"मी अकरा वर्षं गणित शिकवलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकोणीस आणि वीस यातला फरक मला कळतो. शिवाय एवढी बारीक तुरपाई आमच्या छावणीत कोणाच्या शालीला नाही."

"मग नेलीत कशाला?"

"एकटी बसली होती." मास्तरीणबाईंनी कार्डांच्या कडा जुळवल्या. "आमच्या पोरींवर संकट आलं ते सगळ्यांसमोर आलं. त्यांना लपवायला आमच्याकडे भिंतीच नव्हत्या. तुमच्याकडे भिंती फार."

मावशींनी मान डोलावली, तुमचं बरोबर आहे म्हणून. असं वर्षातून एखाद्या वेळीच होई.

नववा भरला, रक्त दहा पूर्णांक सहा. सगळं मनासारखं होतं, एक गोष्ट सोडून. कळा सुरू झाल्या बुधवारी रात्री, आणि दवाखाना गाठेपर्यंत गुरुवार उजाडला, सकाळचे साडेसात.

बाक भरलेला होता. टोकाला बेकरीवाली, पाय दुखत असल्याचा चेहरा करून. दारात शिंपीणबाई उभ्या राहिल्या, करड्या शालीत गुंडाळलेल्या पोरीला धरून. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. आता खरं सांगतील, मावशींना वाटलं. शिंपीणबाईंनी बाकावरून नजर फिरवली.

"छावणीतली आहे बिचारी," त्या म्हणाल्या. "रस्त्यात भेटली."

शालीच्या आतून पोरीने आईकडे पाहिलं. ते बघणं मावशींना दिसलं, आणि त्यांना इतका राग आला की त्या तडक पोरीला आत घेऊन गेल्या.

बाहेर शिंपीणबाई बाकावर बसल्या. जायचं नाव घेईनात. "बघते जरा, नीट सुटका होते का," त्या म्हणत होत्या. बायका हळहळल्या. परक्या पोरीसाठी एवढं कोण करतं हल्ली, असं बेकरीवाली तीनतीनदा म्हणाली. आतून ओरडणं ऐकू आलं की शिंपीणबाई टेप मुठीत आवळत, आणि बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, तुमचं मन फारच हळवं बाई. नऊला बाळ रडलं. दणदणीत. शिंपीणबाईंनी तोंड पदरात लपवलं, आणि बेकरीवालीने त्यांना पाणी दिलं.

आत मावशींनी बाळ हातात घेतलं. मुलगी होती. "दोन किलो नऊशे," त्या म्हणाल्या. काट्याने दोन किलो नऊशे चाळीस दाखवलं. या वेळी मावशींनी काट्याचं ऐकलं.

मग त्यांनी छावणीत फोन लावला. नियम साधा होता. निळ्या कार्डाची बाळंतीण आणि बाळ, ठीक असले की त्याच दिवशी छावणीच्या गाडीने छावणीच्या खोलीत. मावशी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नियमाने वागायला निघाल्या होत्या. शिंपीणबाईंना जरा घाम फोडावा, गाडी दिसली की त्या बोलतील, एवढाच त्यांचा बेत होता.

"तुला खोटंखोटं गाडीपर्यंत चालावं लागेल," त्यांनी पोरीच्या कानात सांगितलं.

पोर बाळाची बोटं मोजत होती. "खोटंखोटं कशाला?" ती म्हणाली. "मी खरंच जाते. तिथे मी आले की सगळ्या सरकून जागा करतात. घरी पडद्यामागे बसावं लागतं. हिला पण बसवतील."

मावशींचा खोडकरपणा तिथल्या तिथे विरला. आपण पेटवलेली काडी आता आपल्या हातात राहिली नाही, हे त्यांना कळलं. पण पोर चुकीचं बोलत नव्हती, त्यामुळे तिला अडवणार कशी?

दोन वाजता गाडी आली. गुरुवारची गर्दी अजून होतीच. मास्तरीणबाई उतरल्या, टेबलावरचं निळं कार्ड उचललं, बघितलं. जरा रेंगाळा, अशी मावशींनी डोळ्यांनी केलेली खूण त्यांनी पाहिली की नाही, कोण जाणे. त्यांनी बाळ हातात घेतलं, ती करडी शाल पोरीच्या डोक्यावरून पुढे ओढली आणि तिला हात दिला. तिघी बाकासमोरून निघाल्या, सावकाश, बाळंतिणीच्या चालीने. "जपून न्या हो," बेकरीवाली म्हणाली. पोरीने आईकडे पाहिलं नाही. शिंपीणबाईंच्या डोळ्यांसमोरून शालीचा काठ गेला. त्यांच्याच हातची तुरपाई, एकेक टाका त्यांना ओळखू येत होता. पोर गाडीच्या पायरीवर चढली.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. कोणाला ऐकूच गेलं नाही. त्या उठल्या, टेप गळ्यातून घसरून बाकाखाली गेली. "थांबा. छावणीतली नाही ती. माझी मुलगी आहे. ही माझी नात."

बाकावरच्या सगळ्या माना गाडीकडे वळल्या. शिंपीणबाई गाडीपाशी पोचल्या. पोर पायरीवरच उभी होती, उतरत नव्हती.

"आपल्याकडे तो पडदा आहे ना," शिंपीणबाई म्हणाल्या, "त्याची दुपटी करू. चार होतील. चल."

पोरीने थोडा विचार केला. "पाच होतील," ती म्हणाली, आणि उतरली. "पण मी दुपारच्या रांगेला जाणार."

"जा. मीही येते. बघू तरी त्या बाई जीभ कशी वर करायला लावतात."

मास्तरीणबाईंनी बाळ आजीच्या हातात दिलं आणि निळं कार्ड मावशींसमोर धरलं. "हे रद्द करा. माझी मोजणी चार महिने बिघडली आहे." त्या हसल्या की काय, असं मावशींना वाटून गेलं. तोवर गाडी निघून गेली होती.

आत येऊन मावशी टेबलाशी बसल्या. त्या उगाच कार्डांचे गठ्ठे लावू लागल्या. कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. बेकरीवाली. पाय दुखत असल्याचा चेहरा गळून पडला होता.

"मावशी," ती खाली बघत म्हणाली, "ते निळं कार्ड अजून आहे का एखादं? आमच्या पोरीसाठी."

मावशींनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. दर गुरुवारी ही बाई दुखऱ्या पायांनी येत होती, आणि दर गुरुवारी मावशी तिला मलम देऊन वाटेला लावत होत्या.

"कितवा महिना?" त्यांनी विचारलं.

बेकरीवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. उत्तर तिच्या मागून आलं. शिंपीणबाई बाकाखालची टेप घ्यायला नातीला घेऊन परत आल्या होत्या.

"पाचवा लागला असेल," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीच्या झग्याची कंबर मी दोनदा उसवून दिलीय."

बेकरीवालीने मान हलवली आणि रडू लागली. शिंपीणबाईंनी बाकावर सरकून तिला जागा केली. मावशींनी निळा गठ्ठा खणात टाकला, पिवळ्यातलं एक कार्ड ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगा पोरीचं," त्या म्हणाल्या. "आणि जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं."

मावशींचे कान शाबूत होते, हे सगळ्या बाकाला ठाऊक होतं. बेकरीवालीने एकवार बाकाकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं, आणि नाव सांगितलं.